खुली चौकट, परका प्रोसेसर : पुण्यातील संगणकांच्या अद्ययावतीकरणाचा इतिहास (१९८८ ते २०२४)

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा नव्या यंत्रांच्या जन्मतारखांभोवती फिरते. यंत्र कोणत्या वर्षी आले, त्याचा वेग किती होता, जगाच्या यादीत त्याचा क्रमांक कितवा लागला, एवढे नोंदवले की इतिहास सांगून झाला असे मानले जाते. त्या यंत्राचे पुढे काय झाले, त्याचा कोणता भाग टिकला, कोणता बदलला गेला आणि तो बदलण्याची मुभा कोणाच्या हाती होती, हे प्रश्न मागेच राहतात.

मुळशी तालुक्यातील पिरंगुट, उरवडे, घोटावडे या पट्ट्यात गेल्या काही दशकांत जे लघु व मध्यम अभियांत्रिकी उद्योग उभे राहिले, त्यांच्या व्यवसायात मात्र हे प्रश्न रोजचे आहेत. लेथ किंवा मिलिंग यंत्राचा बिडाचा सांगाडा वर्षानुवर्षे चालतो. त्याला जोडलेला नियंत्रक त्या मानाने लवकर जुना होतो. सांगाडा तोच ठेवून नियंत्रक, मोटर आणि ड्राइव्ह बदलण्याच्या कामाला यंत्रशाळांत ‘रेट्रोफिटिंग’ म्हणतात. जुन्या जोडण्यांचा नकाशा हाती असला तर हे काम सुकर होते. नसला तर चांगले यंत्र भंगाराच्या वाटेला लागते. म्हणजे यंत्राचे आयुष्य लोखंडाइतकेच कागदावरही अवलंबून असते.

संगणकाच्या क्षेत्रात हाच प्रश्न अलीकडे ‘खुला लॅपटॉप’ या रूपाने पुढे आला. बर्लिन येथील एमएनटी रिसर्च या छोट्या कंपनीने २०२० मध्ये लोकवर्गणीच्या आधारे ‘रिफॉर्म’ हा लॅपटॉप सिद्ध केला. त्याच्या मुख्य फलकाचे आराखडे आणि कवचाची रेखाटने सर्वांसाठी प्रसिद्ध केलेली आहेत. प्रोसेसर व स्मृती एका वेगळ्या छोट्या फलकावर असून तो खोबणीत बसतो आणि काढताही येतो. आरंभी त्यात एनएक्सपी कंपनीच्या प्रोसेसरचे, अन्य कंपनीने घडवलेले मॉड्यूल होते. पुढे रास्पबेरी पाय मंडळींचे गणन-मॉड्यूल बसवता येईल असा मधला फलक तयार झाला आणि त्यानंतर रॉकचिप कंपनीच्या कितीतरी वेगवान प्रोसेसरचे मॉड्यूलही आले. कवच, कळफलक, पडदा आणि विजेऱ्या त्याच राहिल्या. मेंदू तेवढा बदलला. या घटनेकडे नावीन्य म्हणून पाहिले गेले. परंतु चौकट आपली आणि गणनघटक दुसऱ्याचा, ही रचना पिरंगुटपासून वीसएक किलोमीटरवर गणेशखिंडीत तीन दशके आधी विचारपूर्वक स्वीकारली गेली होती. प्रस्तुत निबंधात तिचा मागोवा घेतला आहे.

नकार आणि त्याचे उत्तर

१९८० च्या दशकाच्या मध्यास भारताला हवामानाच्या अंदाजासाठी आणि वैज्ञानिक संशोधनासाठी महासंगणक हवा होता. अमेरिकेच्या क्रे कंपनीचे एक्स-एमपी/२४ हे प्रतिमान मागण्यात आले. दीर्घ वाटाघाटींनंतर त्याहून कमी क्षमतेचे एक्स-एमपी/१४ मंजूर झाले. ते दिल्लीच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात बसवले गेले आणि त्याचा वापर अन्य कामांसाठी, विशेषतः अण्वस्त्रांसाठी, होणार नाही याबद्दलच्या अटी त्याला जोडलेल्या होत्या. विकत घेतलेल्या यंत्रावर काय चालवायचे हे विकणाऱ्याने ठरवावे, ही स्थिती अपमानास्पद तर होतीच. शिवाय ती संशोधनालाही अडचणीची होती.

या पार्श्वभूमीवर मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. डॉ. विजय भटकर हे त्याचे पहिले कार्यकारी संचालक. तीन वर्षांत आणि सुमारे ३० कोटी रुपयांत एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी गणनक्रिया करणारे यंत्र बनवावे असे उद्दिष्ट ठरले. अशा वेळी दोन मार्ग संभवतात. क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर स्वतः घडवणे हा एक. बाजारात मिळणारे साधारण वेगाचे अनेक प्रोसेसर जोडून त्यांच्याकडून एकत्र काम करून घेणे हा दुसरा. पहिल्यासाठी लागणारा चिप-उद्योग देशात नव्हता. दुसरा मार्ग त्या काळी जगातही प्रायोगिक अवस्थेतच होता, तरी निर्यातबंदीला त्यात फारशी पकड नव्हती. महासंगणक अडवता येतो; कारखान्यांतून हजारोंनी बाहेर पडणारी चिप अडवणे अवघड असते. समांतर संगणनाची निवड तांत्रिक होती तेवढीच राजकीयही होती.

सुटे गणनघटक : ट्रान्सप्युटर

निवड झाली ती ब्रिटनमधील ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटरची. या चिपचे वैशिष्ट्य तिच्या वेगात नव्हते. टी-८०० या १९८७ च्या प्रतिमानाची दशांश गणनाची क्षमता सेकंदाला सुमारे पंधरा लाख क्रियांची होती. तिचे महत्त्व होते तिच्या चार ‘कड्यां’मध्ये. प्रत्येक चिपला चार क्रमवार जोडण्या होत्या, त्या दोन तारांनी दुसऱ्या चिपशी थेट बोलत, मध्ये कोणत्याही अतिरिक्त सर्किटची गरज नसे. एकाला चार, चारांना बारा अशी जाळी वाढवत नेता येई. इन्मॉसने याच तत्त्वावर ‘ट्रॅम’ नावाच्या छोट्या मॉड्यूलचे मोजमाप आणि जोडणीचा आराखडा जाहीर केला होता. चिप आणि स्मृती एका फलकावर, खाली ठरावीक जागी पिना. कोणीही फलक बनवावा, कोणीही तो आपल्या यंत्रात बसवावा. परिणामी इतर कंपन्यांची मॉड्यूलही बाजारात आली. खोबणी आणि मॉड्यूल यांच्यातला करार उघड असणे, हे आजच्या खुल्या लॅपटॉपचे जे मर्म आहे, ते येथे पूर्णपणे दिसते.

१९९० मध्ये परमच्या प्राथमिक यंत्राची झुरिच येथील महासंगणक प्रदर्शनात चाचणी झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० सर्वांसमोर आले. ६४ ट्रान्सप्युटरांचा एक संच आणि असे संच जोडून वाढवता येणारी रचना असे त्याचे स्वरूप होते. प्रत्येक घटकाची स्मृती स्वतंत्र होती. घटक एकमेकांना निरोप पाठवून काम करीत आणि जोडण्यांची मांडणी सॉफ्टवेअरच्या आज्ञेने बदलता येई. ‘परम’ हे नाव ‘पॅरलल मशीन’ या शब्दांचा संक्षेप आणि संस्कृतातील ‘श्रेष्ठ’ या दोन्ही अर्थांनी घेतलेले होते. हे यंत्र रशियासह परदेशांतही गेले.

परमचे वर्णन करताना अभिमानाने चिपांची संख्या सांगितली जाते. त्यापेक्षा ‘पारस’ या सॉफ्टवेअर वातावरणाची नोंद अधिक महत्त्वाची आहे. कार्यक्रम लिहिणाऱ्याने कोणत्या चिपवर काम चालले आहे याची चिंता न करता निरोप पाठवावेत आणि घ्यावेत, यासाठी सी-डॅकने ते तयार केले. पुढे जे टिकले ते याच थरात टिकले.

परम ८६०० : मेंदू बदलण्याचा पहिला प्रयोग

यंत्र उभे राहताच त्याची मर्यादा दिसू लागली. ट्रान्सप्युटर संवादात चतुर होता, गणनात मंद. इन्मॉसची मालकी १९८४ मध्ये थॉर्न ईएमआयकडे आणि १९८९ मध्ये एसजीएस-थॉमसनकडे गेली होती. तिची टी-९००० ही पुढची चिप १९९१ मध्ये जाहीर झाली, पण वर्षामागून वर्षे रेंगाळली आणि तिचा ठरलेला वेग तिला कधीच गाठता आला नाही. एका परदेशी कंपनीच्या भविष्यावर आपल्या यंत्राचे भविष्य टांगलेले आहे, हे पुण्यातील अभियंत्यांना यावरून कळून चुकले असणार.

इंटेलने १९८९ मध्ये आणलेली आय-८६० ही चिप तेव्हा चर्चेत होती. ४० मेगाहर्ट्झ वेगाच्या या चिपची कागदावरील कमाल क्षमता सेकंदाला आठ कोटी क्रियांची. १९९२ च्या सुमारास सी-डॅकने परममध्ये ती समाविष्ट केली. ट्रान्सप्युटर काढून टाकले गेले नाहीत, ही यातली लक्षणीय गोष्ट. प्रत्येक घटकात एक आय-८६० आणि चार ट्रान्सप्युटर अशी जोडी बसवण्यात आली: गणन आय-८६० ने करायचे, टपाल ट्रान्सप्युटरांनी वाहायचे. पारस वातावरण दोन्ही यंत्रांवर सारखेच असल्यामुळे परम ८००० वर लिहिलेले कार्यक्रम परम ८६०० वर नेता आले.

परम ८६०० चा एक संच परम ८००० च्या चार संचांच्या तोडीचा मानला गेला. कागदावरचा हिशेब मांडला तर चार ट्रान्सप्युटरांची मिळून क्षमता साठ लाख आणि एका आय-८६० ची आठ कोटी, म्हणजे वाढ दहापटीहून अधिक व्हायला हवी होती. प्रत्यक्षात चौपट मिळाली. आय-८६० ची अंतर्गत रचना अशी होती की तिचा कमाल वेग कसलेल्या माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञावलीलाच मिळे; साध्या भाषांतरकाला तो साधत नसे. दुसरे कारण घडणीतलेच होते. गणनाचा वेग वाढला तरी घटकांमधील कड्या जुन्याच राहिल्या. स्वयंपाकघरात आचारी चौपट केले तरी वाढप्या एकच असेल तर पंगत लवकर उठत नाही. मॉड्यूल बदलून यंत्र अद्ययावत करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो: खोबणी जुनी, म्हणून खोबणीतून जाणारे सर्व काही जुन्याच वेगाने जाते. रिफॉर्मच्या बाबतीतही मुख्य फलकावरील जोडण्या नव्या प्रोसेसरच्या क्षमतेची एक मर्यादा ठरवतात.

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने १९९१ मध्ये सुरू केलेला ‘अनुपम’ हा समांतर संगणकही आय-८६० वरच आधारलेला होता. पुढे त्या मालिकेनेही अल्फा व पेंटियम हे प्रोसेसर स्वीकारले. निर्यातबंदीचा काच ज्यांना सर्वाधिक, त्या संस्थेनेही याच वाटेने जावे हा योगायोग म्हणता येणार नाही.

खुली चौकट

१९९४ च्या सुमारास आलेल्या परम ९००० मध्ये हा धडा रचनेतच उतरवला गेला. कोणताही नवा प्रोसेसर सहज सामावून घेता येईल अशी विभागणी तीत होती. सुपरस्पार्क बसवलेले यंत्र ९०००/एसएस, अल्ट्रास्पार्कचे /यूएस आणि डेक कंपनीच्या अल्फा प्रोसेसरचे /एए. एकाच चौकटीला तीन मेंदू, तेही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे. नेहमीच्या मांडणीत ३२ ते ४० प्रोसेसर असत आणि ते दोनशेपर्यंत वाढवता येत. या विचाराला सी-डॅकने ‘ओपन फ्रेम’, म्हणजे खुली चौकट, असे नाव दिले. १९९८ च्या परम १०००० मध्ये गणनघटक म्हणून सन कंपनीचे एंटरप्राइझ २५० हे सर्व्हर जसेच्या तसे घेतले गेले. प्रत्येकात ४०० मेगाहर्ट्झचे दोन अल्ट्रास्पार्क, एकूण १६० प्रोसेसर आणि शंभर गिगाफ्लॉपची क्षमता. आता फलकही सी-डॅकचा नव्हता. सी-डॅकचे होते ते घटकांना जोडणारे परमनेट हे जाळे, त्यावरील निरोपव्यवस्था आणि एमपीआय या १९९४ मध्ये ठरलेल्या जागतिक मानकाचा स्वतःचा अवतार. पारसची जागा एका सामायिक, जगमान्य कराराने घेतली होती.

यापुढील टप्पे थोडक्यात सांगता येतात. २००३ मध्ये बंगळूर येथे परम पद्म, आयबीएमचे २४८ पॉवर-४ प्रोसेसर, एक टेराफ्लॉपची क्षमता, जगातील पाचशे यंत्रांच्या यादीत १७१ वा क्रमांक. २००८ मध्ये पुण्यात परम युवा, इंटेलचे ४६०८ गाभे, ५४ टेराफ्लॉप, ६९ वा क्रमांक. फेब्रुवारी २०१३ मध्ये परम युवा-२. हा शेवटचा टप्पा मात्र थांबून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात १९९२ चा प्रयोग नव्या रूपात दिसतो. नेहमीच्या झिऑन प्रोसेसरांना ‘झिऑन फाय’ हे सहप्रोसेसर जोडण्यात आले. तीन महिन्यांत आणि १६ कोटी रुपयांत क्षमता ५४ वरून ५२४ टेराफ्लॉपवर गेली आणि विजेचा वापर सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाला.

या पंचवीस वर्षांत वापरलेल्या प्रोसेसरांची नावे पुढे ठेवली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. ट्रान्सप्युटर १९९० च्या दशकात संपला. आय-८६० चा वंश इंटेलने त्याच दशकात खुंटवला. अल्फाची जननी डेक कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली आणि पुढे ती चिपही बंद झाली. सन २०१० मध्ये ओरॅकलमध्ये विलीन झाली. झिऑन फायलाही इंटेलने दशक सरण्यापूर्वी निरोप दिला. सी-डॅकने यांपैकी एकाच प्रोसेसरशी आपले सर्वस्व बांधले असते, तर परम मालिका त्याच्याबरोबर संपली असती.

तरीही एक आक्षेप विचारात घ्यायला हवा आणि तो सहज उडवून लावता येत नाही. परमचा मेंदू सदैव परदेशी होता, मग त्याला स्वदेशी का म्हणावे, असा प्रश्न आरंभापासून विचारला गेला. त्यावर जोडणी आपली आहे एवढे उत्तर पुरेसे नाही, कारण निरनिराळ्या कंपन्यांचे तयार भाग कोणीही जोडू शकतो. अधिक समर्पक उत्तर असे की, परमच्या निर्मात्यांनी स्वावलंबनाचा अर्थ ‘सर्व काही स्वतः घडवणे’ असा घेतला नाही. ‘कोणा एकाच पुरवठादाराचे बंदी न होणे’ असा घेतला. हा अर्थ व्यवहार्य होता, पण अपुरा होता. पुरवठादार बदलता येणे म्हणजे पुरवठादारांपासून मुक्ती नव्हे. प्रोसेसर बनवण्याचे काम पुढे ढकलत राहण्याची सोय याच खुल्या चौकटीने करून दिली, असेही म्हणता येते. जो दरवाजा सर्वांना खुला असतो, त्या घरात स्वतःचा माणूस घडवण्याची निकड कमी भासते.

जिस्ट कार्ड : मराठीसाठी एक मॉड्यूल

महासंगणकाचा संबंध महाविद्यालयीन शिक्षकाशी दूरचा. त्याच सी-डॅकने त्याच वर्षांत बनवलेल्या दुसऱ्या एका वस्तूचा संबंध मात्र अगदी जवळचा आहे, आणि सुट्या मॉड्यूलने संगणक अद्ययावत करण्याचे ते कदाचित अधिक स्वच्छ उदाहरण ठरेल.

आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये वैयक्तिक संगणक आणला तेव्हा त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत सर्किटचे आराखडे आणि मूलभूत आज्ञावलीचा मजकूर छापला होता. मुख्य फलकावर रिकाम्या खोबणी होत्या आणि त्यांच्या प्रत्येक पिनेचे काम जाहीर होते. त्यामुळे जगभर इतरांनी बनवलेल्या कार्डांचा बाजार उभा राहिला. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानंतर हे संगणक भारतीय कार्यालयांत दिसू लागले. पण त्यांना देवनागरी येत नव्हती.

कानपूरच्या आयआयटीमध्ये आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिपींवर केलेल्या कामातून ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित झाले होते. १९८३ मध्ये दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तेथील देवनागरी टर्मिनल दाखवले गेले. १९८८ मध्ये हा गट पुण्यास सी-डॅकमध्ये आला आणि जिस्ट कार्ड घडले. संगणकाचे झाकण उघडायचे, कार्ड रिकाम्या खोबणीत बसवायचे, पडद्याची तार त्याला जोडायची. अक्षरे रचण्याची यंत्रणा या कार्डावरच होती. वर्डस्टार किंवा डीबेस यांसारख्या कार्यक्रमाला आपण नेहमीचीच चिन्हे लिहितो आहोत असे वाटे. कार्ड ती चिन्हे वाटेत वाचून पडद्यावर देवनागरी उमटवी. मूळ कार्यक्रमातील एकही ओळ बदलावी लागत नसे. इंग्रजीसाठी बनलेल्या यंत्राला मराठी शिकवण्यासाठी त्याच्या निर्मात्याची परवानगी लागली नाही, याचे कारण खोबणीचा आराखडा उघड होता.

कार्डाइतकीच महत्त्वाची होती त्यामागील संकेतावली. ‘इस्की’ या नावाने ओळखले जाणारे हे मानक १९८० च्या दशकात आकाराला आले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते आयएस १३१९४ या क्रमांकाने स्वीकारले. त्यात अक्षराच्या आकाराला क्रमांक नाही, वर्णाला आहे. ‘क्ष’ साठवायचा तर क, हलन्त आणि ष असे तीन संकेत साठवायचे. ते पडद्यावर कसे दिसावे हे लिपीयंत्रणेने पाहायचे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींना तेच क्रमांक असल्यामुळे एकच मजकूर कन्नड किंवा बंगाली लिपीतही दाखवता येई. पाणिनीय वर्णमालेची शिस्त संगणकाच्या कामी आली, असे याचे वर्णन केले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मग विंडोज आले. त्यात पडद्यावरचे प्रत्येक अक्षर चित्र म्हणून रंगवले जाते. चिन्हे वाटेत वाचण्याची कार्डाची युक्ती तेथे चालेना. झटपट उपाय म्हणून आकारांवर आधारलेले फॉन्ट आले. इंग्रजी अक्षराच्या जागी अर्धा त, काना किंवा रफार बसवायचा, एवढाच त्यांचा मार्ग. सी-डॅकचे स्वतःचे ‘इस्फॉक’ प्रकारचे फॉन्ट, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, कृतीदेव, आकृती अशा प्रत्येकाची मांडणी निराळी. पाने सुंदर छापली जात, परंतु मजकूर हा मराठी मजकूर राहत नसे. ती इंग्रजी चिन्हांची रांग असे आणि विशिष्ट फॉन्टचे भिंग डोळ्यांना लावल्यावरच ती मराठी दिसे.

याचा परिणाम आजही महाविद्यालयांच्या कपाटांत आहे. १९९० च्या दशकापासून पुढे लिहिलेले प्रबंध, नियतकालिकांचे अंक, प्रश्नपत्रिका आणि इतिवृत्ते यांच्या फाइली उघडल्या तर अनाकलनीय चिन्हे दिसतात. रूपांतरक सापडला तरी जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात. शोधयंत्राला तर हा मजकूर मराठी म्हणून दिसतच नाही. याउलट जिस्ट कार्डाच्या काळात इस्कीमध्ये साठवलेला मजकूर, ते कार्ड बसेल असा संगणक आज मिळणे दुरापास्त असूनही, फारशी हानी न होता युनिकोडमध्ये आणता येतो. कारण युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद मराठीला आवश्यक आहे, विशेषतः मुळशीसारख्या डोंगराळ तालुक्याविषयी लिहिताना. तो युनिकोडमध्ये ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाने राखला जातो. विंडोजने २००० सालच्या आवृत्तीपासून देवनागरी युनिकोडला आधार दिला, पण छपाईच्या सवयीमुळे जुने फॉन्ट त्यानंतरही दीर्घकाळ वापरात राहिले. कार्ड नष्ट झाले आणि मजकूर वाचला. फॉन्ट सुस्थितीत आहेत आणि मजकूर अडकला आहे.

खोडद ते गणेशखिंड

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण हे पुणे जिल्ह्यातील तिसरे उदाहरण. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. तबकड्या हा सांगाडा. त्यांनी टिपलेले संकेत एकत्र आणून त्यांची तुलना करणारी संगणकीय यंत्रणा हा मेंदू. आरंभी ही यंत्रणा खास या कामासाठी घडवलेल्या चिपांवर चाले आणि ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा हाताळी. २०१० च्या सुमारास तिची जागा बाजारात मिळणाऱ्या, लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांच्या समूहाने घेतली. त्यानंतरच्या मोठ्या अद्ययावतीकरणात पट्ट्याची रुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली.

या अखेरच्या टप्प्यात वापरलेले ‘रोच’ हे फलक अमेरिकेतील बर्कले येथून सुरू झालेल्या ‘कॅस्पर’ या सहयोगातून आले. त्यांच्या विकासात दक्षिण आफ्रिकेतील रेडिओ खगोलशास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. या फलकांचे आराखडे सहयोगातील सर्वांसाठी खुले आहेत. त्यांच्या जोडीला एनव्हिडिया कंपनीचे चित्रप्रोसेसर आहेत, त्यांचे आराखडे मात्र खुले नाहीत. खुले आणि बंद यांचे हेच मिश्रण बर्लिनच्या लॅपटॉपमध्येही आढळते: फलकाची प्रत्येक रेषा प्रसिद्ध, पण त्यावर बसणाऱ्या प्रोसेसरच्या पोटात काय आहे हे त्याच्या निर्मात्यालाच ठाऊक. ‘खुले हार्डवेअर’ हा शब्द वापरताना हे भान अनेकदा सुटते. खुलेपणा आज साधारणतः खोबणीपर्यंत येऊन थांबतो.

खोबणीच्या पलीकडे जाण्याचे प्रयत्न भारतात सुरू झाले आहेत. रिस्क-व्ही या खुल्या आज्ञासंचावर आधारित ‘शक्ती’ प्रोसेसर मद्रासच्या आयआयटीने आणि ‘वेगा’ मालिका तिरुवनंतपुरम येथील सी-डॅकने विकसित केली. त्यांची आजवरची झेप मुख्यतः छोट्या नियंत्रकांच्या कामापुरती आहे. महासंगणकासाठी सी-डॅकने हाती घेतलेला ‘औम’ प्रोसेसर आर्म या ब्रिटिश कंपनीच्या गाभ्यावर आधारित आहे. आज्ञासंच खुला असणे आणि चिप प्रत्यक्ष ओतणारा कारखाना हाताशी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली भारताने साधली, दुसरीसाठी अद्याप परदेशी कारखान्यांकडे जावे लागते.

२०१५ मध्ये मंजूर झालेल्या ४५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून परम मालिकेतील यंत्रे देशभरच्या शिक्षणसंस्थांत पोचली. पुण्यातील आयसरमध्ये परम ब्रह्म बसले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन परम रुद्र यंत्रांचे लोकार्पण झाले. तिघांचा मिळून खर्च १३० कोटी रुपये. पुण्यातील यंत्र खोडदच्या दुर्बिणीने टिपलेल्या क्षणिक रेडिओ-स्फोटांसारख्या घटनांच्या अभ्यासासाठी आहे. म्हणजे सुट्या घटकांची वाट चोखाळलेल्या दोन परंपरा येथे एकत्र आल्या. रुद्र सर्व्हरच्या फलकाचा आराखडा सी-डॅकचा आहे आणि त्याची निर्मितीही देशात झाली. १९९८ च्या परम १०००० मध्ये सनकडे सोपवलेला फलक अशा रीतीने सव्वीस वर्षांनी परत आला. त्याच्या खोबणीतील प्रोसेसर इंटेलचा आहे.